हलक्या विद्युत् दुचाकीचा पुढचा चिमटा : सुधारणेपूर्वीचा विचार

यंत्रात सुधारणा करावयाची म्हणजे त्यातील एक भाग काढून त्याच्या जागी अधिक मोलाचा भाग बसवावयाचा, असा एक समज विद्यार्थ्यांत व हौशी कारागिरांतही रूढ झालेला आढळतो. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि जेथे स्वाराची हाडे पणाला लागलेली असतात तेथे अपुरा समज घातक ठरतो. कच्च्या, खडकाळ वाटांवर चालविण्याच्या हलक्या विद्युत् दुचाकीचा पुढचा चिमटा, ज्याला आज सर्रास ‘फोर्क’ म्हटले जाते, हे याचे एक उत्तम उदाहरण आहे. हा चिमटा बदलावा काय, बदलावयाचा तर केव्हा, आणि न बदलता काय साधता येईल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. या वाहनाचे वेगळेपण

चीनमधील सर-रॉन या संस्थेची ‘लाइट बी’ ही दुचाकी या वर्गाची प्रतिनिधी मानता येईल. तिच्या मूळ नमुन्याचे वजन सुमारे ५० किलोग्रॅम, विद्युत्-संचाचा दाब ६० व्होल्ट, पुढच्या चिमट्याची चाल सुमारे २०० मिलिमीटर आणि दोन्ही आसांमधील अंतर सुमारे १.२६ मीटर आहे. हे आकडे पाहिले म्हणजे ही गाडी सायकल व मोटारसायकल यांच्या मधल्या भूमीवर उभी आहे, हे ध्यानात येते. उताराच्या शर्यतीची सायकल सुमारे १६ किलोग्रॅमची, तर ४५० घन सेंटिमीटर इंजिनाची मैदानी शर्यतीची मोटारसायकल सुमारे ११० किलोग्रॅमची असते.

या मधल्या स्थानाला एक इतिहासही आहे. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकींत सरकणारा व आत तेलाने अवमंदन साधणारा चिमटा बी.एम.डब्ल्यू.ने १९३५ साली आपल्या ‘आर १२’ या मोटारसायकलीवर आणला. सायकलीच्या चिमट्यात ही विद्या प्रामुख्याने रॉकशॉक्स या संस्थेमुळे रुजली. मोटारसायकलींच्या क्षेत्राशी संबंध असलेल्या पॉल टर्नर व स्टीव्ह सायमन्स यांनी ती १९८९ साली स्थापिली. मोटारसायकलीकडून सायकलीने उसनी घेतलेली ही विद्या आता हलकी होऊन पुन्हा मोटारीच्या वाहनाकडे परतली आहे. या परतीच्या प्रवासात काही हिशेब मात्र नव्याने मांडावे लागतात. ते न मांडता केलेली खरेदी हाच पुष्कळदा निराशेचा उगम असतो.

पहिला हिशेब वजनाचा. साहित्यासह ७५ किलोग्रॅमचा स्वार ५० किलोग्रॅमच्या गाडीवर बसला तर एकूण वजनात त्याचा वाटा ६० टक्के होतो. ११० किलोग्रॅमच्या गाडीवर तोच वाटा सुमारे ४० टक्के असतो. आता स्वार ६० किलोग्रॅमचा आहे की ९० चा, याने काय फरक पडतो ते पाहू. जड गाडीत एकूण वजन १७० वरून २०० वर, म्हणजे १८ टक्क्यांनी वाढते. हलक्या गाडीत ते ११० वरून १४० वर, म्हणजे २७ टक्क्यांनी वाढते. गाडी जितकी हलकी तितकी तिची स्प्रिंग स्वाराच्या अंगमापाची असली पाहिजे. कारखान्यातून निघालेली एकच स्प्रिंग सर्वांना पुरेल, ही अपेक्षा येथे सर्वांत कमी फळते. आणि चिमट्याविषयीच्या कित्येक तक्रारींचे मूळ चिमट्यात नसून या विसंगतीत असते.

२. स्प्रिंग : बैठकीचा हिशेब

स्वार गाडीवर आरूढ झाला म्हणजे चिमटा काही अंतर दबतो. या अंतरास आपण ‘बैठक’ म्हणू. मैदानी उपयोगात ही बैठक चालीच्या सुमारे एकचतुर्थांश असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे २०० मिलिमीटर चालीच्या चिमट्यात ५० मिलिमीटर. बैठक असावयाचे कारण असे की, चाकाला जसे उंचवट्यावर चढताना वर सरकावे लागते, तसेच खळग्यात उतरताना खालीही सरकता आले पाहिजे. बैठक नसेल तर प्रत्येक खळग्यात चाक अधांतरी होईल व सुकाणू क्षणभर निरर्थक ठरेल.

उदाहरणादाखल आकडेमोड करू. गाडी व स्वार मिळून १२५ किलोग्रॅम. त्यापैकी ४५ टक्के, म्हणजे सुमारे ५६ किलोग्रॅम भार पुढच्या चाकावर येतो असे मानू. चाक, टायर, ब्रेक व चिमट्याचा खालचा भाग मिळून ८ किलोग्रॅम वजा केले, तर स्प्रिंगवर येणारे वस्तुमान ४८ किलोग्रॅम उरते. चिमटा उभ्या रेषेशी २५ अंशांचा कोन करीत असेल, तर त्याच्या आसाच्या दिशेने येणारे बल सुमारे ४२७ न्यूटन होते. स्प्रिंगला १० मिलिमीटर पूर्वदाब दिला असेल, तर ५० मिलिमीटर बैठकीसाठी तिचा ताठरपणा ४२७ भागिले ६०, म्हणजे दर मिलिमीटरला ७.१ न्यूटन असावा लागेल. दोन नळ्यांत दोन स्प्रिंगा असतील तर ही दोहोंची बेरीज समजावी.

याच स्प्रिंगवर ६० किलोग्रॅमचा स्वार बसला तर बैठक ४२ मिलिमीटर होते; ९० किलोग्रॅमचा बसला तर ५९. हे पाहून पुष्कळजण पूर्वदाब वाढवून बैठक पूर्ववत् करतात. तसे केल्याने बैठकीचा आकडा जुळतो, पण स्प्रिंगचा ताठरपणा जेथल्या तेथेच राहतो. पूर्वदाब ही सुरुवातीची उंची ठरविणारी गोष्ट आहे. तिने चालीच्या अखेरीस मिळणारा आधार वाढतो तो अल्पच. जड स्वाराला ताठर स्प्रिंगच हवी. तिची किंमत संपूर्ण चिमट्याच्या किंमतीचा एक लहानसा अंश असते, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

काही चिमट्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या हवेचा उपयोग करतात. हवेची स्प्रिंग हलकी असते व हातपंपाने स्वाराच्या वजनाशी जुळविता येते, हा तिचा मोठा गुण होय. शिवाय आकारमान घटत जाईल तसा दाब झपाट्याने वाढत असल्यामुळे चालीच्या अखेरीस ती आपोआप ताठर होते. तथापि हवा कोंडून धरणारी सीले घट्ट असावी लागतात, आणि घट्ट सील म्हणजे अधिक घर्षण. दुसरे असे की, हवेचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणात बदलतो. पहाटे १५ अंश सेल्सिअसला जुळविलेला चिमटा दुपारी ४० अंशांवर सुमारे ९ टक्क्यांनी ताठर झालेला असतो. पोलादी स्प्रिंगला असा ऋतुभेद ठाऊक नाही.

३. अवमंदन : जेथे खरा भेद पडतो

स्प्रिंग ऊर्जा साठविते व परत करते. ती नाहीशी करीत नाही. गाडी अर्ध्या मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर उतरली, तर १२५ किलोग्रॅमच्या हिशेबाने ६१३ जूल ऊर्जा पचवावी लागते, आणि पुढच्या चाकाच्या वाट्याला त्यातील सुमारे २७६ जूल येते. उलटपक्षी, वर काढलेली स्प्रिंग संपूर्ण २०० मिलिमीटर दबली तरी तिच्यात साठणारी ऊर्जा अवघी १५६ जूल आहे. उरलेला वाटा टायर, स्वाराचे हातपाय आणि मुख्यतः तेलाचे अवमंदन यांनी उचलावयाचा असतो. जो वाटा अवमंदक उचलीत नाही तो स्वाराच्या मनगटांवर येतो, किंवा चिमटा तळाला आदळून चौकटीवर येतो.

अवमंदकाची सर्वांत साधी रचना म्हणजे तेलातून सरकणारा दट्ट्या आणि तेल जाण्यासाठी ठराविक आकाराचे छिद्र. छिद्रातून वेगाने जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि येथेच सगळी मेख आहे. ब्रेक लावला असता चिमटा सावकाश दबतो. त्याचा वेग सेकंदाला ०.२ मीटर आहे असे समजू. धारदार दगडावर चाक आपटले असता तोच वेग २ मीटर, म्हणजे दसपट होतो. सावकाश दबताना १०० न्यूटन विरोध मिळेल असे छिद्र ठेवले, तर दगडावर तोच विरोध शंभरपट, म्हणजे १०,००० न्यूटन होईल. हा भार सुमारे एक टन वजनाइतका आहे. चिमटा जणू भरीव गजच बनेल. हे टाळण्यासाठी छिद्र मोठे करून दगडावरचा विरोध १,००० न्यूटनवर आणला, तर ब्रेक लावताना केवळ १० न्यूटन उरतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. साध्या छिद्राचा चिमटा ब्रेक लावताच नाक खुपसतो आणि तरीही दगडांवर हातांना ठोसे देतो. या दोन परस्परविरुद्ध वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ असे एकच आहे.

यावरील उपाय म्हणजे तेलाचा मार्ग पातळ पोलादी चकत्यांच्या चळतीने झाकणे. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि मार्ग मोठा होतो. त्यामुळे वेग दसपट झाला तरी विरोध शंभरपट होत नाही. सावकाश हालचालीत भरीव आधार व झटक्याच्या वेळी मोकळी वाट, असे दोन्ही हेतू त्याने साधतात. चकत्यांची संख्या, जाडी व व्यास बदलून विरोधाची वक्ररेषा हवी तशी घडविता येते. मोलाच्या चिमट्यात जे खरोखर मोलाचे असते ते हे. बाहेरचा रंग अथवा नळीवरचे सोनेरी लेपन नव्हे. म्हणून ‘हा चिमटा चांगला आहे काय?’ असे न विचारता ‘त्यातील तेल कोणत्या वाटेने जाते?’ असे विचारावे.

उसळी-फेऱ्याचे, म्हणजे चिमटा परत लांबतानाचे अवमंदन स्प्रिंगशी बांधलेले असते. ते अपुरे असेल तर चाक उडते. फाजील असेल तर एकामागून एक येणाऱ्या उंचवट्यांवर चिमट्याला परत लांबण्यास अवधी मिळत नाही व तो पायरीपायरीने खाली बसत जातो. तत्त्वतः, तेवढेच सापेक्ष अवमंदन राखण्यासाठी लागणारा अवमंदन-गुणक ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्प्रिंग २० टक्क्यांनी ताठर केली तर हा गुणक सुमारे १० टक्क्यांनी वाढवावा लागेल. स्प्रिंग बदलून उसळीचा खटका तसाच ठेवणे हे म्हणूनच अर्धवट काम होय.

तेलाविषयी एक सूचना. डब्यांवर छापलेले ‘५’, ‘१०’ यांसारखे अंक वेगवेगळ्या उत्पादकांत तंतोतंत जुळत नाहीत. तुलना करावयाची तर ४० अंश सेल्सिअसला मोजलेली श्यानता पाहावी.

४. ब्रेक, कोन आणि सुकाणू

सरकत्या चिमट्याचा एक उपजत दोष असा की, ब्रेकचे बल त्याला अंशतः आसाच्या दिशेनेच दाबते. वरील उदाहरणातच, स्वारासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.९५ मीटर उंचीवर आहे आणि केवळ पुढच्या ब्रेकने गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट मंदन साधले आहे असे मानू. मागचा सुमारे ३८ किलोग्रॅम भार पुढे येतो. त्यात ब्रेकच्या बलाचा आसाच्या दिशेचा घटक मिळविला, तर स्प्रिंगवर सुमारे ५४० न्यूटन बल वाढते व चिमटा आणखी ७६ मिलिमीटर दबून स्थिरावतो. बैठक धरून २०० पैकी १२६ मिलिमीटर चाल अशी संपते, आणि याच वेळी पुढे दगड आला तर त्यासाठी केवळ ७४ मिलिमीटर उरतात. अवमंदन या दबण्याचा वेग कमी करते, अंतिम अंतर नव्हे. ते अंतर स्प्रिंगच ठरविते.

गाडी पुढे झुकली की सुकाणूचा कोनही बदलतो. आसांमधील अंतर १.२६ मीटर असता पुढच्या टोकाच्या उंचीतील दर २२ मिलिमीटर फरकामागे सुमारे १ अंश बदल होतो. वर सांगितलेल्या दबण्याने चिमटा सुमारे ३ अंशांनी अधिक उभा होतो व सुकाणू चंचल बनते. हाच नियम नव्या चिमट्यालाही लागू आहे. जुन्यापेक्षा ३० मिलिमीटर लांब चिमटा बसविला तर चौकट सव्वा अंशाने मागे कलते. सुकाणू स्थिर पण जड होते व अरुंद वळणांवर गाडी रेंगाळते.

येथे ‘ट्रेल’चाही विचार हवा. सुकाणूचा आस लांबविला असता जमिनीस जेथे मिळतो तो बिंदू आणि टायरचा स्पर्शबिंदू यांतील अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ राहण्याची प्रवृत्ती बरीचशी त्यावर अवलंबून असते. चाकाची त्रिज्या ३१२ मिलिमीटर, कोन २५ अंश आणि चाकाचा आस सुकाणूच्या आसापुढे ५० मिलिमीटर असेल, तर ट्रेल सुमारे ९० मिलिमीटर येतो. ते ५० चे अंतर नव्या चिमट्यात ३५ झाले, तर ट्रेल १०७ वर जातो. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही चिमटे सारखेच दिसतील. स्वाराला मात्र ती निराळी गाडी वाटेल.

५. उसन्या चिमट्यांचा प्रश्न

बदली चिमटे सामान्यतः दोन घराण्यांतून येतात. एक, उताराच्या शर्यतीच्या सायकलींचे दुहेरी बैठकीचे चिमटे. दुसरे, लहान मैदानी मोटारसायकलींचे. पहिले हलके असतात व त्यांचे अवमंदन सूक्ष्मपणे जुळविता येते. परंतु ते ज्या भारासाठी रचले त्याची आठवण ठेवावी. त्याच ७५ किलोग्रॅम स्वारासह सायकलीचे एकूण वजन ९१ किलोग्रॅम, तर आपल्या गाडीचे १२५. म्हणजे समान मंदनाला लागणारे बल ३७ टक्क्यांनी अधिक. शिवाय मोटारसायकली धर्तीचे चाक व टायर सायकलीच्या चाकापेक्षा बरेच जड असते, आणि उसळी-फेऱ्याचे अवमंदन हलक्या चाकासाठी बेतलेले असते. उत्पादकाने दिलेली हमी मोटारीच्या वाहनाला लागू होते काय, हे त्याच्या पुस्तिकेत पाहिल्यावाचून खरेदी करू नये.

दुसऱ्या घराण्यातले चिमटे दणकट असतात, पण त्यांच्या स्प्रिंगा व झडपा त्यांच्या मूळ गाडीच्या वजनासाठी निवडलेल्या असतात. त्यामुळे पुन्हा पहिल्या हिशेबापाशीच यावे लागते. स्प्रिंगखालचे वजन वाढले की चाकाला जमिनीचा माग काढणे कठीण होते, आणि वर केवळ ४८ किलोग्रॅम असताना खालचा प्रत्येक किलोग्रॅम जाणवतो.

बसविण्यातील बारकावेही कमी महत्त्वाचे नाहीत. सुकाणूच्या दांड्याचा व्यास व लांबी, चाकाच्या आसाचा व्यास, तुंब्याची रुंदी, ब्रेकच्या चिमटीची जागा व तबकडीचा व्यास ही मापे आधी घ्यावीत. बसविल्यावर स्प्रिंग काढून (हवेचा असल्यास हवा सोडून) चिमटा पूर्ण दाबून पाहावा. त्या स्थितीत टायर खालच्या बैठकीस किंवा चौकटीस घासत असेल, तर तो चिमटा त्या गाडीस अयोग्य समजावा. कारण हे घासणे घडेल ते उडीनंतर जमिनीवर उतरताना, म्हणजे ज्या क्षणी चाक अडणे सर्वांत घातक त्याच क्षणी.

६. कामाचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप निष्पन्न होतो. प्रथम मोजमाप. नळीवर रबरी कडे सरकवून, स्वार नेहमीच्या साहित्यासह पायटांवर उभा असता बैठक मोजावी. ती दोनदा मोजावी: एकदा चिमटा दाबून हळूच वर येऊ देऊन, एकदा उचलून हळूच खाली बसू देऊन. दोहोंची सरासरी ही खरी बैठक, आणि दोहोंतील अंतर हे घर्षणाचे माप. हे अंतर २० मिलिमीटर निघाले, तर ७.१ च्या स्प्रिंगला घर्षण सुमारे ७१ न्यूटन आहे असे समजावे.

घर्षण अधिक असेल तर सीले, बुश व तेल बदलावे आणि दोन्ही नळ्या समांतर आहेत की नाहीत ते पाहावे. आस आवळताना एक नळी तिरपी ओढली गेल्याने उत्तम चिमटाही अडखळतो. त्यानंतर स्वाराच्या वजनाची स्प्रिंग, मग उसळीचे व दाबाचे अवमंदन, तेही एका वेळी एकच बदल करून व प्रत्येक बदल वहीत नोंदवून. इतके करूनही झडपांची रचनाच तोकडी ठरत असेल, नळ्या लवचिक असतील, सुटे भाग मिळत नसतील, किंवा गाडीची शक्ती वाढविलेली असेल, तर आणि तरच संपूर्ण चिमटा बदलणे युक्त होय.

यांतील शेवटच्या कारणाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. विद्युत् गाडीचा वेग वाढविणे फार सोपे आहे. नियंत्रक व विद्युत्-संच बदलला की काम झाले. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४५ किलोमीटरवरून ७५ वर गेलेल्या गाडीची ऊर्जा सुमारे २.८ पट झालेली असते, आणि चिमटा मात्र तोच राहिलेला असतो. शक्ती आधी वाढवून निलंबनाचा विचार मागाहून करणे म्हणजे पाया न पाहता माडी चढविण्यासारखे आहे.

सारांश, पुढच्या चिमट्याची सुधारणा ही खरेदीची बाब नसून जुळणीची बाब आहे. स्वाराचे वजन, स्प्रिंगचा ताठरपणा, तेलाची वाट आणि सुकाणूचा कोन ही चार माणसे एका गाड्यावर बसलेली आहेत. त्यांतील एकाला उठवून दुसऱ्याला बसविले की उरलेल्या तिघांनाही आपापली जागा सावरून घ्यावी लागते. ज्याने आधी मोजले त्याला कित्येकदा नवा चिमटा लागतच नाही. आणि लागलाच, तर तो का लागला हे त्याला नेमके सांगता येते.